तांदळावर लिहिलेली हन्ना

नातीचं नाव मला पहिल्यांदा कळलं ते औषधाच्या दुकानातल्या एका पावतीच्या पाठीवर. मुलगी बाळंतपणाला आमच्याकडे, कुंभकोणमला आली होती. आमच्या घरी दहा दिवस बाळंतिणीच्या खोलीत पुरुषांनी पाऊल टाकायचं नाही अशी रीत आहे, म्हणून सातव्या दिवशी मी खोलीच्या दाराबाहेर उभा राहून विचारलं, "काय गो, नांव काय ठरवलांत? बाराव्या दिवशीं मज लिहायचें आहे."

लिहायचं म्हणजे तांदळावर. आम्ही तंजावरी मराठी. तीनशे वर्षांमागे आमचे पूर्वज राजाबरोबर इकडे आले आणि इथलेच झाले. घराबाहेर आम्ही तमिळ बोलतो, घरात मराठी, आणि पुण्याचा पाहुणा आला की तो आमच्या बोलण्याकडे अजबखान्यातली वस्तू बघावी तसा बघतो. बारशाला पितळेच्या ताटात तांदूळ पसरून घरातल्या वडील माणसानं हळकुंडानं बाळाचं नाव लिहायचं, ही रीत आम्ही सोडलेली नाही. विठोबाच्या मठातल्या किती तरी बाळांची नावं मीच लिहिली आहेत. माझं अक्षर सुंदर आहे, आणि ते मला ठाऊकही आहे.

थोड्या वेळानं बायको बाहेर आली आणि माझ्या हातात ती पावती ठेवून पुन्हा आत गेली. पाठीवर दोन अक्षरं होती. हन्ना.

मुलीनं ख्रिस्ती मुलाशी लग्न केलं तेव्हा मी आठ महिने तिच्याशी बोललो नव्हतो. लग्न कचेरीत नोंदवलं, पत्रिका छापली नाही, मी गेलो नाही. पुढे जावई एकदा घरी आला, माझ्या भांड्यांच्या दुकानातला हिशेब मांडायचा संगणक बिघडला होता तो त्यानं दुरुस्त केला, जेवताना दोनदा रसम मागून घेतलं, आणि माझा राग हळूहळू उतरला. पण नावाचं मात्र माझ्या मनात पक्कं होतं. आमच्या घरात पहिली नात येते ती रखुमाईच्या एखाद्या नावानं येईल, असं मी मठात चारचौघांत बोलूनही बसलो होतो.

"हें काय नांव?" मी दाराबाहेरूनच बोलायला लागलो. "हें नांव मी तांदळावर लिहूं? मठांतले लोक मज काय म्हणतील?"

"अप्पा, लिहायचें तर लिहा," आतून आवाज आला. "नाहीं तर अकराव्या दिवशीं बाळास घेऊन मी तिरुविडैमरुदूरला, सासरीं जातें. बारसें तिकडे करूं."

"जा की."

"जातेंच."

असा आमचा संवाद दोन दिवस चालला. बायको अधेमधे पेजेचं भांडं घेऊन आत जाई, रिकामं घेऊन बाहेर येई, आणि दोन्हीकडच्या तोफांमधून अंग चोरून निघावं तशी स्वयंपाकघराकडे निघे. मुलीचा स्वभाव कुणावर गेला आहे हे तिनं कधी सांगितलं नाही, सांगायची गरजही नव्हती.

खरं सांगतो, मुलगी अकराव्या दिवशी निघून जाईल ही भीती मला होतीच. लग्नानंतर नऊ वर्षांनी झालेली एकुलती एक मुलगी. एकदा आठ महिने तिचं तोंड पाहिलं नव्हतं, आणि त्या आठ महिन्यांत मी दुकानात बसून तिच्या वयाच्या गिऱ्हाइकांना उगीच जास्त सूट देत होतो. ते दिवस मला पुन्हा नको होते. पण हट्ट सोडायचा तर कारण हवं, आणि कारण काही सापडेना.

नवव्या दिवशी मी ठरवलं की थेट विहीणबाईंकडेच जावं. त्या तिरुविडैमरुदूरच्या शाळेत शिक्षिका होत्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, यजमान वारले त्यालाही सहा वर्षं होऊन गेली. अख्खा गाव त्यांना टीचर म्हणतो. जावयाचे मित्र टीचर म्हणतात, भाजीवाली टीचर म्हणते, मीही टीचरच म्हणतो. नाव त्यांच्या चर्चमधल्या कुणी तरी पोथी उघडून काढून दिलं असणार आणि त्यांनी एक शब्द टाकला की बदलेल, अशी माझी अटकळ होती.

बसनं अर्ध्या तासाचा रस्ता. दोन्हीकडे भात पोटरीला आलं होतं. टीचर ओट्यावर बसून मुरुक्क्यांचा, म्हणजे चकल्यांचा, डबा उन्हात ठेवत होत्या. मला बघून त्यांना नवल वाटलं असणार, पण त्यांनी ते दाखवलं नाही. कॉफी केली, चांगली केली, आणि समोर बसल्या.

"सांगा, सार," त्या तमिळमध्ये म्हणाल्या. आमच्याकडे सरला सार म्हणतात.

मी सांगितलं. जिभेला लगाम घालून सांगायचं असं बसमध्ये ठरवलं होतं, पण पहिल्या घोटानंतर तो सुटला. मी म्हणालो, हे हन्ना काय नाव आहे? ना त्याला देवाचा वास, ना गोडवा. हाक मारली तर माणूस उसासा टाकतोय असं वाटावं. पोरीला शाळेत मुलं चिडवतील. असलं नाव कोण ठेवतं? कुणा बाईनं आयुष्यभर असलं नाव वागवायचं म्हणजे तिची कीवच करायला हवी. आणखीही दोन-तीन गोष्टी बोललो, त्या इथं लिहीत नाही.

टीचरनी सगळं ऐकून घेतलं. मधे एकदा माझ्या पेल्यात कॉफी ओतली. मग विचारलं, "सार, तुम्ही एकादशीला मठात कथा सांगता ना? एक कथा मी सांगू?"

कथेला नाही म्हणणारा माणूस मी नव्हे.

त्या म्हणाल्या, हे इब्री भाषेतलं नाव आहे, यहुद्यांच्या जुन्या भाषेतलं. अर्थ कृपा. मागून मिळते ती नव्हे, देणाऱ्याच्या मनातून आपोआप येते ती. त्या नावाची एक बाई होती. तिच्या नवऱ्याला दोन बायका होत्या. दुसरीला मुलांवर मुलं, हिला एकही नाही. दर वर्षी सगळं कुटुंब देवळाला जायचं, आणि दर वर्षी सवत तिला तिथंच टोचून बोलायची.

"देवळातच?" मी म्हणालो.

"देवळातच. घरी एवढे ऐकणारे कुठे मिळणार?"

मला गोष्ट आवडायला लागली. सवतीचा भाग आमच्या पद्धतीनं रंगवला तर अर्धा तास सहज चालेल, असं मी मनात मोजलंही. टीचर पुढे म्हणाल्या, नवरा प्रेमळ होता. तू का रडतेस, मी तुला दहा मुलांहून जास्त नाही का, असं म्हणाला. एक दिवस ती जेवणावरून उठली, एकटी देवळात गेली आणि उभी राहून मागणं मागायला लागली. मुलगा दिलास तर तो तुझ्याच सेवेला वाहीन, असा नवस बोलली. पण मोठ्यानं नाही. ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. तोवर तिथं असं कुणी करत नसे. देवाशी बोलायचं ते मोठ्यानं. दाराशी म्हातारा पुजारी बसला होता. त्यानं ते हलणारे ओठ पाहिले आणि त्याला वाटलं, बाई दारू पिऊन आली आहे. तो तिच्यावर ओरडला. किती वेळ झिंगून राहणार आहेस, जा, उतरव ती.

मी पेला खाली ठेवला.

"तिनं काय करावं?" टीचर म्हणाल्या. "ती भांडली नाही. म्हणाली, महाराज, मी प्यायलेली नाही. माझं मन भरून आलं आहे, ते मी देवापुढे ओतते आहे. तेव्हा त्या पुजाऱ्याला आपली चूक कळली. त्यानं तिथल्या तिथं तिला आशीर्वाद दिला. सुखानं जा, तुझं मागणं पुरं होवो. वर्षभरात तिला मुलगा झाला, आणि दूध सुटल्यावर तिनं तो खरंच देवळात नेऊन दिला. दर वर्षी त्याच्यासाठी एक छोटा अंगरखा शिवून न्यायची, आदल्या वर्षीपेक्षा थोडा मोठा."

त्यांनी सांगितलं की यहुदी लोक अजूनही नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी देवळात हीच गोष्ट वाचतात. आणि प्रार्थना कशी करावी हे त्यांच्या शास्त्र्यांनी ना राजाकडून घेतलं ना पुजाऱ्याकडून. ते या बाईकडून घेतलं. ओठ हलावेत, शब्द नीट उमटावेत, पण शेजाऱ्याला ऐकू जाऊ नयेत, असा नियमच त्यांनी तिच्यावरून केला. "आमच्याकडे हे नाव त्यांच्याकडूनच आलं," त्या म्हणाल्या. "तमिळमध्ये थोडं बदललं, पण बाई तीच."

कॉफी छान होती एवढं म्हणून मी उठलो. बसमध्ये बसलो आणि कुंभकोणम येईपर्यंत मला बाहेरचं काही दिसलं नाही.

कारण तो पुजारी मी होतो. आमच्या लग्नाला आठ वर्षं झाली होती तेव्हा. मूल व्हावं म्हणून बायको तिरुनागेश्वरम् इथं राहूला दुधाचा अभिषेक करून थकली होती, नातेवाईक बोलून थकत नव्हते. एका संध्याकाळी मठात भजन रंगलं होतं, झांजा माझ्या हातात, सगळ्यांचा सूर लागलेला. माझं लक्ष खांबाशी गेलं. बायको तिथं उभी होती, डोळे मिटलेले, ओठ आपल्याच काही शब्दांवर हलताहेत, आणि अभंगाशी त्यांचा काही मेळ नाही. मी झांजा थांबवल्या आणि सगळ्यांसमोर ओरडलो, "म्हणायचें तर मोठ्यानें म्हण. स्वतःशीं पुटपुटायचें तर घरीं जाऊन चूल पेटव." बायका हसल्या. ती चपला घालून घरी गेली. मी पुढचा अभंग सुरू केला.

तिनं काय मागितलं, मी कधी विचारलं नाही. पुढच्या वर्षी मुलगी झाली तेव्हाही नाही.

घरी आलो तर बायको भाजी निवडत बसली होती. मी हातपाय धुतले आणि तिला टीचरची गोष्ट सांगितली. सवत रंगवली, नवऱ्याचं बोलणं हुबेहूब केलं, अंगरख्यापाशी तिच्या डोळ्यांत पाणी आणलं. पुजारी मात्र गाळला. बाई देवळात गेली, मागणं मागितलं, मुलगा झाला, असं सरळ पुढे नेलं. इतकी वर्षं कथा सांगतो, कुठला तुकडा गाळला तर जोड दिसत नाही हे मला चांगलं कळतं.

गोष्ट संपली तेव्हा ती म्हणाली, "टीचरचें नांव काय, ठाऊक आहे का तुम्हांस?"

"टीचर," मी म्हणालो, आणि माझं मलाच ते विचित्र वाटलं.

"हन्ना," बायको म्हणाली आणि शेंगांकडे वळली.

आमच्यात पहिल्या मुलीला बापाच्या आईचं नाव ठेवतात. हा नियम मी मठात किती जणांना ऐकवला आहे. संगणकावरून नावं शोधणाऱ्या तरुण आईबापांना मी तोंडावर बोललो आहे की घरात जिवंत माणसं आहेत, त्यांना विचारा. माझ्या मुलीला माझ्या आईचं नाव आहे. आणि आमच्यात दुसरीही एक रीत आहे, सुनेनं सासूचं नाव उच्चारायचं नाही. माझी मुलगी जातीबाहेर गेली, कचेरीत लग्न केलं, मला हवं ते एकही केलं नाही, पण ही रीत तिनं पाळली होती. म्हणून नाव कागदावर लिहून बाहेर आलं. आणि मी, नियम सांगणारा, नाव काय म्हणून ओरडत बसलो. कुणाचं, हे विचारलं नाही. वर त्या बाईच्या ओट्यावर बसून, तिची कॉफी पिऊन, तिच्याच नावाला नावं ठेवून आलो.

"तूं मज आधीं कां सांगितलें नाहींस?"

"तुम्ही पुसलां का? दोन दिवस ओरडत होतां. ओरडणाऱ्यास काय सांगायचें?"

मी उठून दाराशी गेलो. "लिहितों," मी आत सांगितलं. मुलगी म्हणाली, "सरि, अप्पा. बरें."

बाराव्या दिवशी सकाळी टीचर पहिल्या बसनं आल्या. मी त्यांना दारातच गाठलं आणि म्हणालो, "टीचर, त्या दिवशी मी फार बोललो. मला ठाऊक नव्हतं. पण ठाऊक नसलं तरी तसं बोलायला नको होतं. क्षमा करा." त्या हसल्या. म्हणाल्या, "सार, मी छत्तीस वर्षं सहावीचा वर्ग घेतला आहे. माझ्या पाठीमागे मुलं काय बोलायची ते तुम्ही ऐकलं नाहीत." मग पिशवीतून मुरुक्के काढून बायकोच्या हातात दिले आणि स्वयंपाकघरात कामाला लागल्याही.

मठातल्या बायका आल्या. ताटात तांदूळ पसरले. मुलगी बाळाला घेऊन पाटावर बसली, जावई शेजारी. मी हळकुंड उचललं आणि पहिलं अक्षर काढलं. तेवढ्यात एक म्हातारी, जिला माझ्याहून मोठ्यानं बोलायची सवय आहे, ताटात डोकावून म्हणाली, "हें कोण? कुठल्या देवाचें नांव हें?"

मी तोंड उघडलं, पण बायको आधी बोलली. एवढ्या वर्षांत माझ्या कुठल्याही कथेत तिनं कधी शब्द घातला नव्हता. ती ओल्या हातांनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभी होती आणि तिनं ती गोष्ट सांगितली, आमच्या घरच्या मराठीत, अजिबात न रंगवता. कृपा म्हणजे काय ते सांगितलं. सवत दोन वाक्यांत संपवली. मग म्हणाली, "देवळाच्या दाराशीं एक पुजारी होता." मी हळकुंड हातात धरून तसाच बसलो. मी गाळलेला पुजारी तिला ठाऊक होता. टीचरनी आमच्या लेकीला कधीच सांगितला असणार, आणि लेकीनं आईला.

"तो तिजवर ओरडला," बायको म्हणाली. "माणूस वाईट नव्हता. त्यास वाटलें, देवाशीं मोठ्यानेंच बोलायचें असतें. मग त्यास कळलें, आणि त्यानें आशीर्वाद दिला." तिनं पदराला हात पुसले. "आमच्या पुजाऱ्याचा यायचा आहे अजून."

बायकांना कळलं नाही. एक-दोघी म्हाताऱ्यांना कळलं असावं, कारण त्या संध्याकाळी त्याही मठात होत्या. मुलीला कळलं, तिला आईनं सांगितलं असणार. ती माझ्याकडे बघत होती.

मी म्हणालो, "त्या दिवशीं माझें चुकलें. लोकांसमोर ओरडलों, तें लोकांसमोरच सांगतों. तुझें मागणें पुरें होवो." मग धीर करून विचारलं, "काय मागत होतीस?"

"मूल द्यावें," ती म्हणाली, "आणि तें बापासारखें तापट नसावें. अर्धेंच ऐकलें देवानें."

"अम्मा," मुलगी म्हणाली, आणि सगळं घर हसलं. जावई सगळ्यांत मोठ्यानं हसला, त्याला त्याचा अनुभव असणार.

मी उरलेलं अक्षर काढलं. जोडाक्षर मला नेहमीच छान साधतं. आता नाव मोठ्यानं घ्यायचं राहिलं होतं. आईनं बाळाच्या कानात सांगायचं, तर ती घेणार नाही, ते सासूचं नाव. जावई आपल्या आईचं नाव घ्यायला लाजला. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मग मी भजनातला आवाज लावला आणि बाळाकडे बघून हाक मारली, "हन्ना."

"एन्न?" मागून तमिळमध्ये कुणी तरी ओ दिली.

टीचर होत्या. हातात पायसाचं पातेलं, आणि चेहरा असा की आपण काय बोललो हे त्यांना बोलून झाल्यावर कळलं. सगळे पुन्हा हसायला लागले. त्याही हसल्या, पण हसता हसता त्यांनी पातेलं खाली ठेवलं आणि डोळ्यांना पदर लावला.

"माफ करा," त्या म्हणाल्या. "हे गेल्यापासून त्या नावानं मला कुणी हाक मारली नव्हती."

मी ताटावरून नजर उचलली, त्यांच्याकडे पाहिलं, आणि आणखी एकदा हाक मारली.